ऋतूंचा बेभरवसा आणि घरांची व्यवस्था

मराठी घरांत ऋतूंचे एक वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. होळी झाली की गोधड्या-घोंगड्या उन्हात घालून माळ्यावर टाकावयाच्या. पाडव्याच्या सुमारास नवा माठ आणावयाचा, पंख्यांच्या पात्यांवरील धूळ पुसावयाची. विदर्भात असल्यास कूलर बाहेर काढून त्याच्या ताट्या बदलावयाच्या. मृग लागला की हे सारे आवरून छत्र्या काढावयाच्या, आणि दिवाळीच्या अभ्यंगापासून पाणी तापविण्याचा खर्च हिशेबात धरावयाचा. हे वेळापत्रक कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु गृहिणीच्या कामापासून वीज कंपनीच्या नियोजनापर्यंत आणि कारखानदाराच्या उत्पादनापासून शाळेच्या सुट्टीपर्यंत सर्वांनी ते मुकाट्याने गृहीत धरलेले आहे. आता ऋतूच ते पाळीनासे झाले आहेत. उन्हाळा अधिक तापू लागला, एवढेच म्हणून भागणार नाही. तो केव्हा येईल, किती दिवस राहील आणि मध्येच केव्हा पाऊस होऊन कोसळेल, याचा भरवसा उरला नाही, ही खरी अडचण आहे. आणि या बेभरवशाचा पहिला मार आमची घरे, घरांतील यंत्रे आणि त्या यंत्रांना वीज पुरविणाऱ्या तारा यांवर पडत आहे.

हवामान खात्याच्या नोंदी या बाबतीत पुरेशा बोलक्या आहेत. २०२२ चा मार्च महिना देशभरातील सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२३ मध्ये हा मान फेब्रुवारीने मिळविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन श्रावणात, पावसाने अशी दडी मारली की १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीसच मुंबईसह कोकणपट्टीला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. आणि ज्या मे महिन्यात आपण घामाघूम होऊन आकाशाकडे पाहतो, तो मे महिना त्याच वर्षी देशभर १९०१ पासूनचा सर्वांत अधिक पावसाचा ठरला. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. म्हणजे उन्हाळा लवकर आला, लवकरच अंतर्धान पावला, आणि त्याच्या भरवशावर ज्यांनी ज्यांनी तयारी केली होती ते सारे हात चोळीत बसले.

यावर कोणी म्हणेल की, लहरी हवामान हे काही आजचे नाही. म्हणणे अगदीच निराधार नव्हे. मुंबईत सांताक्रूझ येथे मार्च महिन्यातील ४१.७ अंशांचा उच्चांक नोंदला गेला तो २८ मार्च १९५६ रोजी. आणि २०२५ पूर्वी मुंबईत मोसमी पावसाच्या सर्वांत लवकर आगमनाचा विक्रमही त्याच वर्षीच्या २९ मेचा होता. समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरा सुटला आणि तोपर्यंत जमिनीवरील पूर्वेचा तप्त वारा वाहत राहिला, म्हणजे मुंबई अशी भाजून निघते, हे हवामानशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. परंतु १९५६ सालच्या आणि आजच्या परिस्थितीत दोन मोठी अंतरे आहेत. पूर्वी असे वर्ष अपवाद म्हणून स्मरणात राही. आता अपवादांची रांग लागली आहे. आणि दुसरे असे की, १९५६ साली घरात गरम झाले तर माणसे गच्चीवर, गॅलरीत अथवा चाळीच्या चौकात अंथरुण टाकीत. आज त्याच शहरातील कुटुंब बंद सदनिकेत राहते आणि बटण दाबते. निसर्गाच्या लहरीचा भार पूर्वी माणसाच्या अंगावर पडे. तो आज यंत्रावर आणि यंत्राच्या द्वारे संपूर्ण वीजव्यवस्थेवर पडतो. यंत्र बंद पडले की तो दुप्पट होऊन पुन्हा माणसाच्याच अंगावर येतो.

वीजव्यवस्थेवर काय गुदरते ते पाहण्याजोगे आहे. २९ एप्रिल २०२२ रोजी देशाची विजेची कमाल मागणी सुमारे २ लाख ७ हजार मेगावॅटवर जाऊन तोवरचा उच्चांक झाला. २०२३ मध्ये वर्षाचा उच्चांक आला तो एप्रिल-मेमध्ये नव्हे, तर सप्टेंबरमध्ये. त्या वेळी मागणी २ लाख ४३ हजार मेगावॅटपर्यंत गेली, कारण कोरड्या ऑगस्टने एकीकडे शेतकऱ्याला पंप आणि दुसरीकडे शहरवासीयाला पंखा बंद करू दिला नाही. ३० मे २०२४ रोजी हा आकडा सुमारे २ लाख ५० हजारांवर पोहोचला. २०२५ मध्ये पावसाळी मे महिन्याने मागणी दाबून धरली आणि जूनचा शिखरबिंदूही आदल्या वर्षीच्या खालीच राहिला. आकडे मोठे आहेत म्हणून आम्ही ते देत नाही. वाचकांनी त्यांतील महिन्यांकडे पाहावे. एप्रिल, सप्टेंबर, मे, जून. उच्चांक एका महिन्यावर स्थिर राहिलेला नाही. ज्याला कोळसा साठवावयाचा आहे, जनित्रे दुरुस्तीसाठी उघडावयाची आहेत, बाहेरून वीज विकत घेण्याचे करार करावयाचे आहेत, त्याने कोणता महिना कठीण समजून चालावे?

२०२२ च्या वसंतात या प्रश्नाचे उत्तर चुकले तेव्हा काय झाले, हे अद्याप लोकांच्या स्मरणात असेल. औष्णिक केंद्रांजवळचे कोळशाचे साठे रोडावलेले असतानाच मार्चमध्ये उन्हाळा येऊन थडकला. कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. वीजबाजारात दर असे भडकले की केंद्रीय नियामक आयोगाला त्याच एप्रिलमध्ये युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. महाराष्ट्रात भारनियमन हा शब्द पुन्हा कानी पडू लागला. अशा घाईने घेतलेल्या महाग विजेचा खर्च हवेत विरून जात नाही. तो पुढे इंधन समायोजन आकार या नावाने ग्राहकाच्या बिलात अवतरतो. शिवाय आमच्याकडील घरगुती दर टप्प्यांचे आहेत. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणारे घर उकाड्यामुळे तीनशेकडे आणि तीनशेच्या आतले पाचशेकडे सरकले की वाढीव युनिटे चढ्या दराने मोजावी लागतात. उन्हाळा दोन महिन्यांचा असतो तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंब दात-ओठ खाऊन हे सोसते. तो फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत ठिगळाठिगळाने चालू राहिला, तर घरखर्चाचा मेळ कसा घालावयाचा?

देशाच्या विजेचा हिशेब मोठा. परंतु सामान्य माणसाची वीज जाते ती बहुधा दूरच्या केंद्रात नव्हे, तर त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील रोहित्रात. रोहित्राच्या अंगी एक सहनशीलता असते. दिवसा ते तापते आणि रात्री मागणी उतरली, हवा निवली की थंड होते. या विश्रांतीवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. त्याच्या आतील वेष्टनाचे तापमान ठराविक मर्यादेपुढे सहा-आठ अंशांनी वाढले तरी ते वेष्टन झिजण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आता रात्री निवत नाहीत. रात्री अकरा वाजता, जेव्हा सूर्यशक्तीची वीज शून्य असते आणि घरोघरी शयनगृहातील यंत्रे एकदम चालू होतात, तेव्हाच रोहित्रावर सर्वांत अधिक भार येतो. बरे, त्या घरांचा मंजूर भार नोंदला गेलेला असतो तो ज्या काळी घरात तीन पंखे, चार दिवे आणि एक शीतकपाट होते त्या काळचा. पुढे दोन वातानुकूलन यंत्रे बसली तरी त्या कागदाला कोणी हात लावलेला नसतो. मग पहाटे दोन वाजता धडाम्‌ असा आवाज होतो, गल्ली काळोखात बुडते, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार होते ती वीज कंपनीच्या अकार्यक्षमतेची. ती अकार्यक्षम नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आपल्या घराचा खरा भार दडवून ठेवणारा ग्राहकही या काळोखाचा भागीदार आहे.

आता घरातील यंत्रांकडे वळू. विदर्भ आणि मराठवाडा यांचा उन्हाळा कूलरने सुसह्य केला. भिजलेल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्या क्रियेत हवेची उष्णता खर्ची पडते, एवढे साधे त्याचे तत्त्व. वातानुकूलनाच्या मानाने वीज किती तरी कमी लागते. परंतु या यंत्राची एक अट आहे: हवा कोरडी पाहिजे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, अशा कोरड्या भट्टीतही कूलर आपले काम चोख करतो. मात्र ऐन वैशाखात वळवाच्या सरींनी हवा ओली करून ठेवली की बाष्प धरावयास हवेत जागा उरत नाही. कूलर खोलीत केवळ दमटपणा ओततो, आणि जो माणूस ४५ अंशांत झोपत होता तो ३७ अंशांत तळमळतो. अवकाळी पावसाने पीक बुडते ते डोळ्यांना दिसते. त्याच पावसाने लक्षावधी घरांचे थंडाव्याचे एकमेव साधन निकामी होते, याची मात्र कोठे नोंद होत नाही. ज्याला परवडते तो मग वातानुकूलन यंत्राच्या दुकानाची पायरी चढतो. पंख्याचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाही. हवा अंगाच्या उष्णतेहून गरम झाली की पंख्याचा उपयोग घाम वाळविण्यापुरता उरतो, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही.

वातानुकूलन यंत्राला दमट हवा चालते, पण फुकट नव्हे. हवेतील ओलावा टिपून त्याचे पाणी करण्यात त्याच्या शक्तीचा मोठा हिस्सा जातो. भिंतीवर आकडा तोच असला तरी आत काम अधिक होते. त्यातच व्होल्टेज खाली गेले की काँप्रेसर अधिक प्रवाह ओढतो, तापतो आणि पुष्कळदा कायमचा बसतो. दुरुस्ती करणारा कारागीर त्या आठवड्यात मिळत नाही, कारण सर्वांची यंत्रे एकाच आठवड्यात बसलेली असतात. यंत्रावर ताऱ्यांची जी पट्टी चिकटविलेली असते आणि जीवर वार्षिक वीजवापराचा आकडा छापलेला असतो, तो आकडा वर्षाकाठी १,६०० तास वापर धरून काढलेला असतो, हे फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असेल. रोज आठ तास म्हटले तर हे दोनशे दिवस झाले. शयनगृहापुरते ते ठीक आहे; पण ज्या घरात वृद्ध अथवा आजारी माणूस दिवसभर असतो, जेथे कचेरीचे काम घरूनच चालते, तेथे ऋतू लांबला की छापील आकडा आणि आलेले बिल यांची भेट होत नाही. दुसरीकडे, हिवाळ्यातच माल तयार करून गुदामे भरणाऱ्या कारखानदार-दुकानदारांना २०२५ च्या ओल्या मे महिन्याने गिऱ्हाइकाची वाट पाहावयास लावले. म्हणजे एका वर्षी यंत्र मिळत नाही आणि दुसऱ्या वर्षी ते पडून राहते.

आणि तरीही या सर्वांहून मोठा दोष आम्हांला वेगळाच दिसतो. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि त्या श्रमात खर्च झालेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. तिसऱ्या मजल्यावरील खोलीतून निघालेली गरम हवा चौथ्या मजल्याच्या खिडकीत शिरते; चौथ्या मजल्याने खिडकी लावून यंत्र बसविले की ती पाचव्याच्या वाट्याला येते. अरुंद चौकात एकावर एक टांगलेली यंत्रे परस्परांची गरम हवा ओढून हळूहळू सर्वच नादुरुस्त होतात. शेवटी ही उष्णता ज्याच्या दारात येऊन पडते त्याच्याजवळ यंत्र नसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे एक-चतुर्थांश कुटुंबांकडेच कूलर अथवा वातानुकूलन यंत्र असल्याचे दिसून आले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथील पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते, आणि रोहित्र जळाले की एकुलता एक पंखाही थांबतो. घर थंड ठेवणे ही दुकानातून विकत आणावयाची खासगी वस्तू आहे अशी समजूत आपण करून घेतली आहे. पाणी आणि सांडपाणी यांच्याइतकीच ती सार्वजनिक व्यवस्था आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही अडचण केवळ उष्ण कटिबंधाची आहे, असेही कोणी समजू नये. उबेसाठी यंत्रांवर विसंबणाऱ्या देशांनाही हाच धडा मिळाला आहे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतात. त्यांना २०२१ चा फेब्रुवारी विसरता येणार नाही. एरवी उन्हाळ्याची धास्ती बाळगणाऱ्या त्या राज्यात हिमवादळ आले, घरे तापविण्यासाठी विजेची मागणी एकाएकी वाढली, आणि त्याच वेळी गोठलेल्या वायुविहिरी व वाहिन्या यांमुळे वीजकेंद्रे बंद पडली. पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे व आस्थापने काळोखात आणि थंडीत बुडाली. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. उलट १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यातील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तेव्हा ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली तेथील घरे रहिवाशांना असह्य झाली. धन आणि तंत्रज्ञान यांची तेथे वाण नव्हती. ऋतू ठरल्याप्रमाणेच वागेल, या विश्वासावर सारी व्यवस्था उभी होती, हेच दोन्ही ठिकाणी नडले.

आपल्या पूर्वजांना यंत्रे नव्हती. म्हणून त्यांनी ऋतूंची काळजी भिंतींवर सोपविली होती. मराठवाड्यातील माळवदाची घरे, जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, पुण्याच्या वाड्यांतील चौक आणि ओसऱ्या, कोकणातील उंच कौलारू छपरे व पुढे आलेली पडवी यांचा गुणगौरव पुष्कळ झाला आहे. त्या घरांतील अंधार, ओल आणि ढेकूण यांचा अनुभव घेतलेली पिढी त्यांच्याकडे परत जाणार नाही व जावे असे आम्ही सांगणारही नाही. परंतु त्या घरांचा एक गुण घेण्यासारखा होता. त्यांचे तत्त्व कोणत्याही विशिष्ट महिन्यावर बेतलेले नव्हते. भिंतीवर ऊन पडू द्यावयाचे नाही आणि आत आलेली उष्णता रात्री बाहेर जाऊ द्यावयाची, हे तत्त्व फेब्रुवारीतही उपयोगी पडते आणि ऑक्टोबरातही. आजची सदनिका नेमके याच्या उलट करते. सज्जे गेले, छज्जे आखूड झाले, गॅलरी खोलीत मिळवून घेतली, पश्चिमेकडे उघडी काच आली. उघडा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते शेवटच्या मजल्यावरील रहिवाशाच्या अंगावर ओततो. अशा घरात बसविलेले उत्तम यंत्रही गळक्या घागरीत पाणी भरण्याचेच काम करीत राहते.

शासनाला हे ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. निवासी इमारतींच्या भिंती-छपरांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालणारी ‘इको निवास संहिता’ केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केली. मार्च २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ आला आणि २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प सोडण्यात आला. वातानुकूलन यंत्र चालू करताच ते २४ अंशांवर असावे, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. मुंबई महापालिकेने आपला हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. कागदांची उणीव नाही. परंतु संहिता कितीही चांगली असली तरी महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर ती उतरल्याशिवाय एकाही भिंतीवर सावली पडत नाही. आमच्या शहरांत जिन्याची रुंदी आणि मोटारी उभ्या करण्याची जागा इंचाइंचाने मोजली जाते. पश्चिमेच्या भिंतीवर किती ऊन पडते, याची विचारपूस इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना कोणी करीत नाही.

वीजकेंद्रे वाढवा, म्हणजे झाले, असे सुचविणारे मित्र आहेत. केंद्रे वाढावयास हवीतच. पण वर्षातील मोजक्या रात्रींच्या काही तासांसाठी उभारलेले केंद्र उरलेले वर्ष बसून खाते आणि त्याचा स्थिर आकार सर्व ग्राहक भरतात. शिवाय कोपऱ्यावरील रोहित्र लहान असेल तर दूरच्या केंद्रात वीज ओसंडून चालली तरी तिचा उपयोग काय? दुसरा पक्ष म्हणतो, लोकांनी वातानुकूलनाची चैन सोडावी. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. हृदयविकाराच्या वृद्धाला, तान्ह्या मुलाला, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला थंड खोली ही चैन नव्हे. यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. यंत्राला कमी काम उरेल असे घर आणि ते पेलू शकेल अशी तार देणे, यात अर्थ आहे.

हे होण्यासाठी फार मोठ्या शोधांची आवश्यकता नाही. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्यास घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. चुन्याची सफेदी अथवा ऊन परतविणारा रंग छपराला दिल्याने आतील उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते, आणि त्याला वीज लागत नाही. महाराष्ट्रातील महापालिकांनी पत्र्याच्या वस्त्यांत हे काम हिवाळ्यातच स्वखर्चाने करावे. पुणे महापालिका सौर यंत्रणा बसविणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. तीच सवलत पांढऱ्या गच्चीला आणि सावलीच्या छज्ज्याला द्यावयास हरकत कोणती? वीज कंपन्यांनी घरोघरीचा मंजूर भार तपासून रोहित्रांची क्षमता त्याप्रमाणे वाढवावी, आणि दुरुस्तीचे वेळापत्रक दिनदर्शिकेवर नव्हे तर हवामान खात्याच्या अंदाजांवर बेतावे. खाते आता चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित अंदाज दर आठवड्यास देते. तो केवळ शेतकऱ्यासाठी आहे, असा समज वीज अधिकाऱ्यांनी कृपा करून सोडावा. शाळांनीही सकाळच्या वर्गांचा निर्णय तारखेवर न ठेवता पाऱ्यावर ठेवावा. रात्रीची वीज गेली तर जवळच्या शाळेचे सभागृह, पंखे आणि पिण्याचे पाणी यांसह उघडे राहील, एवढी तजवीज प्रत्येक प्रभागात करणे हे तर पुरास तोंड देण्याइतकेच आवश्यक समजले पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक सदनिकांत राहतात आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांना, निदान भांडणापुरते तरी, उपस्थित असतात. त्यांना आमची विनंती अशी की, येत्या वार्षिक सभेत तीन विषय मांडावेत: संस्थेच्या इमारतीचा मंजूर भार किती आणि प्रत्यक्ष भार किती, गच्चीला ऊन परतविणारा लेप देण्यास किती खर्च येईल, आणि वातानुकूलन यंत्रांचे बाहेरील भाग शेजाऱ्याच्या खिडकीखाली न येतील अशी जागा कोणती. जुने पंखे बदलावयाचे झाल्यास सुमारे ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास वीज घेणारे पंखे आता मिळतात. त्यांची अधिक किंमत लांबलेल्या उन्हाळ्यात लवकर वसूल होते. यंत्रांची साफसफाई पाडव्याची वाट न पाहता संक्रांतीलाच करून घ्यावी. हे उपाय लहान आहेत, पण प्रत्येकाने केलेल्या लहान निष्काळजीपणातूनच गल्लीतले रोहित्र जळते, हेही तितकेच खरे आहे.

ऋतू पूर्वीसारखे वागतील अशी आशा करीत बसण्याने काही साधणार नाही. जागतिक तापमानवाढ रोखण्याचे काम राष्ट्रांच्या परिषदांत जेव्हा व्हावयाचे तेव्हा होवो. तोपर्यंत फेब्रुवारीत उन्हाळा आणि मे महिन्यात पाऊस येतच राहणार. यातून श्रीमंत माणूस दुसरे यंत्र, तिसरे यंत्र आणि शेवटी स्वतःचे जनित्र घेऊन आपल्यापुरता सुटू पाहील. मध्यमवर्ग बिलाच्या ओझ्याखाली कण्हत त्याच्या मागोमाग जाईल, आणि पत्र्याखालचा माणूस त्या सर्वांनी बाहेर टाकलेल्या उष्णतेत रात्र काढील. शहराची अशी तीन तुकड्यांत विभागणी होऊ द्यावयाची काय, हा प्रश्न महापालिकेसमोर, वीज नियामक आयोगासमोर आणि राज्य शासनासमोर आहे. त्याचे उत्तर ऐन उकाड्यात पत्रके काढून देता येणार नाही. ते थंडीच्या दिवसांत, अंदाजपत्रके तयार होत असताना द्यावयाचे असते. येत्या अंदाजपत्रकांत छपरे, रोहित्रे आणि झाडे यांसाठी किती रकमा ठेवल्या जातात, तेवढे आम्ही पाहणार आहोत, वाचकांनीही पाहावे.